इवायाच्या हातचा घास

धरमपेठ, नागपूर
१० नोव्हेंबर १९८३

शालिकरामजींना मधुकररावाचा नमस्कार. तुमच्याकडे सगळे खुशाल असतील असं धरून चालतो, कारण कळवणारं कोणी नाही.

दिवाळी झाली. चारू आली नाही ती ही दुसरी दिवाळी. प्रेमिलाने तरी अनारसे केलेच. मी म्हटलं, कोणासाठी करतेस, मी तर खात नाही. म्हणाली, शेजाऱ्यांसाठी. डबा काही दिवस फडताळात पडून होता, मग भांडीवाल्या बाईला देऊन टाकला. शेजाऱ्यांकडे न्यायला तिचा पाय उचलला नाही. लोक विचारतात ना, लेक आली का म्हणून.

लांबण लावत नाही. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात उभी हयात कारकुनी केली, शेवटी हेडक्लार्क होऊन सुटलो. मुद्द्याचं लिहायची सवय आहे. मुद्दा असा की चारूला पाचवा महिना आहे, हे आम्हाला तुमच्या गावच्या नत्थूजीकडून कळलं. नत्थूजी धंतोलीत माझ्या डॉक्टरांकडे कंपाउंडर आहे. औषधाची बाटली बांधून देता देता म्हणाला, "बाबूजी, आजोबा होऊन राहिले तुम्ही, पेढे कुठी आहे?" मी हसलो. घरी येऊन प्रेमिलाला सांगितलं, तर ती आधी हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आलीच नाही. पोटच्या पोरीला दिवस गेल्याचं कंपाउंडरकडून कळावं, यात तुम्हाला काही वावगं वाटत नसेल तर पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. तरी लिहितो.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तुमच्याकडे आहे तशी आमच्याकडेही आहे. आपण काही वेगळ्या मातीतले नाही. माझ्या बापाने वाहितीच केली. मी शिकलो, नोकरीला लागलो, एवढाच काय तो फरक. तेव्हा सातवा लागला की चारूला पाठवा. न्यायला मी माणूस पाठवीन.

त्या जेवणाचा विषय काढायचा नव्हता, पण तो काढल्याशिवाय तुम्ही पुढे वाचणार नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत तुम्ही मळ्यात रोडगे केले. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याचं भरीत, वरण, वर घरचं तूप. सगळा गोतावळा पंगतीत. तुम्ही उठून माझ्या पानाजवळ आलात आणि म्हणालात, "पयला घास इवायाले इवायाच्या हातचा." व्याह्याला भरवायचा म्हणून तुपात बुडवलेला हा एवढा तुकडा तुम्ही माझ्या तोंडात दिला. मी उठलो, गोठ्यामागे गेलो. परत येऊन बघतो तर माझी पत्रावळ उचललेली आणि माझ्या जागेवर दुसराच माणूस जेवायला बसलेला. मी टोपी घातली आणि निघालो. माझी बाजू एवढीच आहे. त्या दिवशी मला बरं नव्हतं.

जयवंताबाईंना नमस्कार. चारूला आशीर्वाद. ती तुमच्याच घरात आहे, तेवढं तोंडी सांगा.

मधुकर

धरमपेठ
२ डिसेंबर १९८३

शालिकरामजी, नमस्कार.

कार्ड मिळालं. अक्षर जावयाचं, शब्द तुमचे. मुकुंदराव बिचारे काय करणार, बाप सांगेल ते लिहितात.

तुम्ही कळवलं की मला बरं नव्हतं ही थाप आहे. तुमच्या सालदाराने, धोंडबाने, डोळ्यांनी पाहिलं की मी गोठ्यामागे घास तोंडातून काढून टाकला आणि तो कुत्र्याने खाल्ला. जयवंताबाई पहाटेपासून आराजवळ बसून होत्या. त्यांच्या हातचं अन्न कुत्र्याला घातलं, तेही व्याह्याने दिलेला मानाचा घास, म्हणून तुमच्या माणसांनी माझं पान उचललं. ज्याला आमचा घास गिळवत नाही त्याच्या घरी आमची सून जाणार नाही, बाळंतपण इथेच होईल. असा एकूण मजकूर.

आता माझं ऐका. कुत्र्याला मी बोलावलं नव्हतं. कुत्रं आपलं आपण आलं. तुमच्याच मळ्यातलं कुत्रं, त्याला जायची-यायची मुभा आहे. त्याने काय खाल्लं याचा जाब मला विचारायचा म्हणजे कमाल झाली.

आणि शहरात राहून माझी तोंडाची चव बदलली, असं जे लिहिलंत ना, ते वाचून मला हसू आलं. अहो, कसली चव घेऊन बसलात. मी सकाळी गरगट भात खातो, ताकात कालवून, गाळून घ्यायचा तेवढा बाकी ठेवतो. संध्याकाळी तोच. पोळीचा तुकडा चावून चावून पाणी करतो तेव्हा कुठे जातो, आणि कधी जात नाही. तर्रीपोहे बघून किती वर्षं झाली कोण जाणे. रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं, म्हणून प्रेमिलाने पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्यात. सकाळी मी पायथ्याशी घसरलेला असतो. पित्त आहे, दुसरं काही नाही. वयाप्रमाणे होतंच.

तुम्ही म्हणाल, एवढं मनात आहे तर स्वतः या आणि बोला. आलो असतो. एसटीत काटोलपर्यंत अंग आवळून बसायचं, मग तुमच्या गावापर्यंत बैलगाडीचे हिसके, आणि पोचल्यावर तुमच्या घरचा पाहुणचार. न खावं तर पुन्हा तेच रामायण. माझ्याने होत नाही, शालिकरामजी. मी फार दमलो आहे. या वाक्याचा राग मानू नका, ते तुमच्यासाठी नाही, एकूणच आहे.

कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ होती. ती तुम्ही सांगितलेली नसावी. "चारूच्या पायावर सूज आहे, डोकं दुखते म्हणते." तुम्ही ती वाचली नसेल तर आता वाचा. तुमच्या गावात डॉक्टर नाही. सुईण आहे, ती चांगली असेल, मी तिला नावं ठेवत नाही. पण सूज आणि डोकेदुखी म्हटलं की इथली डॉक्टरीण ताबडतोब घेऊन या म्हणते, हे प्रेमिलाने जाऊन विचारून घेतलं आहे. आम्हाला एकच लेकरू आहे.

माझ्यावरचा राग माझ्यावर काढा. मी इथे बसलो आहे, कुठे पळून जात नाही.

मधुकर

धरमपेठ
८ जानेवारी १९८४

शालिकरामजी, नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही. येणार नाही असंच वाटलं होतं. हे पत्र लांब आहे, मुकुंदरावांकडून वाचून घेऊ नका, सवड काढून स्वतः वाचा. प्रेमिला परवापासून माझ्यामागे लागली आहे, "लिहून टाका आता सारं. किती दिवस लपवून राहिले तुम्ही? लेकीपेक्षा मोठं आहे का ते?" म्हणून लिहितो. हौस म्हणून नाही.

तुम्ही मला पाहिलं ते बारीक झाल्यावर. त्याआधी मी कसा होतो हे तुम्हाला माहीत नाही. खापरखेड्यात मला मागून बॉयलर म्हणत. मला ते ऐकू येत असे. ऑफिसातल्या वेताच्या खुर्च्या माझ्याखाली टिकत नसत, म्हणून माझ्यासाठी सुताराकडून लाकडी बाकडं करून घेतलं होतं. रेल्वेफाटकापर्यंत चालत गेलो तरी धाप लागायची. साखर होती, रक्तदाब होता, झोपेत श्वास अडकायचा. प्रेमिला जागी राहून मला हलवायची. दोन डॉक्टरांनी सांगितलं, असंच राहिलं तर पोरीचं लग्न बघणार नाही. पथ्य करून बघितलं, मेथीचं पाणी झालं, काही बाकी ठेवलं नाही. चार दिवस वजन उतरायचं आणि पाचव्या दिवशी मी कढईशी असायचो. खाण्याचा लोभ होता मला, खोटं कशाला बोलू. रोडगे म्हटले की मी एकटा पंगत उठवायचो.

माझा धाकटा भाऊ कृष्णकांत अमेरिकेत डॉक्टर आहे, हे तुम्हाला माहीत आहे. सत्त्याहत्तर साली त्याने मला तिकडे बोलावून घेतलं आणि माझं ऑपरेशन करवलं. पोट लहान करायचं ऑपरेशन. पोटाला मधूनच पिना मारतात आणि वरच्या बाजूला मुठीत मावेल एवढाच कप्पा ठेवतात. खाल्लेलं तिथे साठतं, थोड्याशातच पोट भरतं, माणूस बारीक होतो. मी आयुष्यभर कागदांना मारल्या तशाच पिना, शालिकरामजी. माझी फाईल कायमची बंद.

बारीक झालो, हे खरं आहे. साखर उतरली, श्वास मोकळा झाला. पण परत आल्यावर लोकांनी मला बघून काय काय म्हटलं, ते ऐकण्यासारखं होतं. कोणी म्हणे टीबी, कोणी म्हणे कॅन्सर, एकाने तर प्रेमिलाला विमा उतरवला आहे का म्हणून विचारलं. मी सांगितलं, अमेरिकेचं पथ्य आहे. पोट कापून घेतलं म्हणून सांगायची लाज वाटली. खादाडपणा आवरला नाही म्हणून पोटाला कुलूप घालावं लागलं, असंच लोक म्हटले असते. आणि मग चारूचं स्थळ निघालं. पोरीच्या बापाच्या पोटात रोग होता, तो कापून काढला, असं तुमच्या गावात पोचलं असतं तर तुम्ही सुपारी फोडली असती का? मनाशी खरं उत्तर द्या. मला कळवू नका.

मळ्यात त्या दिवशी असं झालं. मी दुपारपासून धास्तावलो होतो. रोडगा कोरडा, जाड, आणि माझी अन्ननलिका तेव्हाच त्रास द्यायला लागली होती. मनात होतं, भरतासोबत कुस्करून चिमूट चिमूट खाईन, कोणाच्या लक्षात येणार नाही. पण तुम्ही घास भरवायला आलात. नाही कसं म्हणणार? तो घास मी चावला, गिळला, आणि तो छातीच्या मधोमध जाऊन बसला. खाली जाईना, वर येईना. तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. माणसांसमोर तिथेच ओकलो असतो म्हणून गोठ्यामागे पळालो. मी तो टाकला नाही, शालिकरामजी. तो परत आला. जयवंताबाईंच्या हातचा घास टाकायची माझी छाती नाही.

तुम्ही विचाराल, तर मग डॉक्टरला काहून नाही दाखवलं. दाखवलं. तिथेच माझी अक्कल गहाण पडली होती. धंतोलीत पहिल्यांदा गेलो तर केसपेपर लिहायला समोर नत्थूजी. तुमच्या गावचा. त्याने विचारलं, "आधी काही ऑपरेशन?" मी पोटावरच्या टाक्यांचा काय जबाब द्यावा? म्हटलं, पित्ताशयाचं. त्याने तसं लिहिलं आणि डॉक्टरांनी तसं धरलं. तेव्हापासून मी पित्ताची औषधं पितो आहे. रोग एक आणि औषध दुसरंच. एका कंपाउंडरला घाबरून मी डॉक्टरशी खोटं बोललो, असं जगात दुसऱ्या कोणी केलं असेल असं मला वाटत नाही.

परवा डॉक्टरांनी बेरियमचा फोटो काढला. चुन्यासारखं पांढरं पाणी पाजतात आणि ते उतरताना फोटो घेतात. मला ते उतरवायलाही वेळ लागला. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला, आडवा-उभा करून बघितला. मग नत्थूजीला चहा आणायला पाठवलं आणि मला म्हणाले, "मधुकरराव, हे पोट देवाने दिलेलं नाही. कोणी केलं?"

सांगितलं सगळं. ते चिडले. चिडायलाच हवं होतं. म्हणाले, वरच्या लहान कप्प्यातून आंबट पाणी इतकी वर्षं अन्ननलिकेत चढतं आहे. ती आतून भाजते, भरून येते, पुन्हा भाजते, आणि दर खेपेला थोडी आकसते. आता ती छातीशी करंगळीएवढीही उरलेली नाही. आधी कळलं असतं तर आधीच दुर्बीण घालून बघितलं असतं. आता दुर्बीण घालायची, अन्ननलिका रुंद करायची, आणि आतला एक तुकडा काढून तपासायला पाठवायचा. तुकडा कशासाठी, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

नत्थूजी चहा घेऊन आला तेव्हा फोटो दिव्यासमोर तसाच होता. त्याला काय कळलं, काय नाही, देव जाणे. त्याच्याकडून तुम्हाला कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं.

माफी मागत नाही. घास उतरला नाही याची माफी कसली मागायची? आणि माझं पान उचललंत, याचं मला अजून वाईट वाटतं. तेही लिहून ठेवतो, म्हणजे आत काही राहणार नाही. पहिल्या वर्षी तुम्ही बागेतल्या संत्र्यांची पेटी पाठवली होती. त्यातली एक फोडही मी खाल्ली नाही. आंबट लागलं की आत आग होते. शेजाऱ्यांना वाटली आणि तुम्हाला लिहिलं, फार गोड निघाली. शेजारी तसं म्हणाले होते.

दुर्बिणीची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे. तुकड्यात काय निघायचं ते निघो. मला भीती वाटते, पण ती मी कोणाला दाखवत नाही, तुम्हीही प्रेमिलाला कळू देऊ नका. मागणं एकच आहे. चारूला सातवा लागला. तिच्या पायावर सूज आहे. तिला इथे आणून सोडा. मी तिला एकदा बघतो.

मधुकर

धरमपेठ
२४ जानेवारी १९८४

शालिकरामजी, नमस्कार.

तुम्ही संध्याकाळच्या गाडीने गेलात. प्रेमिलाने थांबा म्हटलं तर म्हणालात गाईची वेळ आहे. गाईचं निमित्त सगळ्यांनाच बरं असतं.

तुम्ही असताना मला बोलता आलं नाही म्हणून लिहितो. दार उघडलं तर चारू, तिच्यामागे तिची पेटी घेतलेले तुम्ही. तिचा चेहरा सुजलेला, पावलं चपलेत मावेनात. तिने मला बघितलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही किती वाळले." मी तिला म्हटलं, तू भरून काढलीस ना, घरातलं वजन तेवढंच राहिलं. ती हसली. प्रेमिला दोघांकडे बघून रडायला लागली, तुम्ही खांबाकडे तोंड करून उभे राहिलात.

मग तुम्ही खुर्चीत बसलात आणि पिशवीतून तुपाचा डबा काढून स्टुलावर ठेवलात. म्हणालात, "संत्रे नाही आणले जी. तुम्हाले जळते न." चहा झाला. चपला घालताना तुम्ही मागे वळलात. "सांगाचं होतं जी. रोडगा वरणात कुस्करून देल्ला असता." बस, एवढंच. इतकी वर्षं मी काय काय कल्पना करून बसलो होतो, तुम्ही काय म्हणाल, गाव काय म्हणेल. आणि त्याचं उत्तर वरणात कुस्करायचं होतं. मला माझाच संताप आला. तुमचाही थोडा आला, इतकं साधं होतं तर पान उचलायच्या आधी एकदा गोठ्यामागे येऊन बघायचं होतं.

नत्थूजीला मी विचारलं. म्हटलं, गावात माझ्या दुखण्याचं काही बोलला होतास का? त्याला वाईट वाटलं. "आनंदाची गोष्ट सांगतो जी मी गावात. दुखण्याची नाही सांगत." ज्याला घाबरून मी एवढं खोटं बोललो, त्याने एक अक्षर कोणाला सांगितलेलं नव्हतं.

दुर्बीण घातली. घशात कडू औषध फवारतात, मग नळी. त्यानंतर रबराच्या दांड्या, एकीपेक्षा एक जाड, एकेक करून आत घालतात आणि काढतात. नत्थूजीने माझं डोकं धरून ठेवलं होतं. वर्णन करत नाही, तुम्ही जेवायच्या वेळी वाचत असाल. संध्याकाळी चारूने वरणात भाकरी कुस्करून दिली, बोटाने मऊ करून, लेकराला द्यावी तशी. ती उतरली. छातीपाशी न थांबता सरळ खाली गेली. मी डोळे मिटून बसलो होतो. प्रेमिलाला वाटलं दुखतंय.

हे कायमचं नाही. अन्ननलिका पुन्हा आकसणार, पुन्हा दांड्या घालायच्या. तुकडा तपासायला गेला आहे.

चारूला डॉक्टरणीने निजून राहायला सांगितलं आहे, मीठ बंद. म्हणाली, आणखी उशीर केला असता तर अवघड होतं. चारू तुमची आठवण काढते. तुम्ही तिला बागेत नेऊन काय काय दाखवता ते सांगत असते. मला हे आधी माहीत नव्हतं. मला वाटत होतं तुम्ही तिला कोंडून ठेवली आहे.

मधुकर

धरमपेठ
२ एप्रिल १९८४

शालिकरामजी, नमस्कार.

तार मिळाली असेलच. नात झाली, ऑपरेशन करून. दोघी सुखरूप आहेत. मुकुंदराव दोन दिवस राहून गेले, त्यांच्याकडून बाकी कळलं असेल. नाक तुमच्यासारखं आहे. प्रेमिला म्हणते बदलेल, काळजी करू नका.

तुकड्याचा निकाल आला. कॅन्सर नाही. पण आतलं अस्तर पालटलं आहे, आंबट पाण्याने जळून जळून वेगळंच झालं आहे. पुढेमागे वाईट वळण घेऊ शकतं, म्हणून दर वर्षी दुर्बीण घालून बघत राहायचं. मी डॉक्टरांना विचारलं, म्हणजे बरं कधी होणार? ते म्हणाले, "बरं व्हायचं नाही, सांभाळायचं." उशाकडच्या विटा राहणार, रात्रीचं जेवण दिवे लागायच्या आत, जेवल्यावर आडवं व्हायचं नाही, चहा कमी, तिखट नाही. नागपुरात राहून तिखट नाही म्हणजे जिवंत राहून काय मिळवलं, असं वाटतं कधी कधी. मग लेकरू रडतं आणि विसरतो.

कृष्णकांतला सगळं लिहून कळवलं. त्याचं उत्तर आलं, तिकडे ते ऑपरेशन आता त्या पद्धतीने करत नाहीत म्हणे. पद्धत बदलली. मी ते पत्र फाडणार होतो. त्यांची पद्धत बदलली, माझ्या पिना आहेत तिथेच आहेत. मग विचार केला, माझ्याएवढ्या वजनाचा आमच्या ऑफिसात दुसरा एकच होता, स्टोअरचा. तो निवृत्तीपर्यंतही पोचला नाही. मी नातीला मांडीवर घेऊन बसलो आहे. तेव्हा कोणाला नावं ठेवायची हे ठरवता येत नाही, आणि ठरवायचा कंटाळाही आला आहे.

परवा पुन्हा दांड्या घातल्या. नत्थूजी म्हणाला, बाबूजी, आता सवय झाली तुम्हाले. सवय होत नाही. माणूस बोलायचं थांबवतो एवढंच.

बारशाला जयवंताबाईंना घेऊन या. नाव तारा ठेवावं असं चारूच्या मनात आहे. तुमची हरकत असेल तर आधी कळवा, ऐनवेळी नको.

मधुकर

धरमपेठ
२९ सप्टेंबर १९८४

शालिकरामजी, नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. या खेपेला अक्षरही तुमचंच आहे. वाचायला वेळ लागला, पण पोचलं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी ताराचं उष्टावण मळ्यात करायचं म्हणता. आधी खीर, मग सगळ्यांना रोडगे आणि भरीत, तीच पंगत, तीच माणसं. मी ते कार्ड प्रेमिलाला दिलं. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या गोळ्या पिशवीत भरायला लागली. म्हणजे जायचं ठरलं.

चारूला भाऊ नाही, तेव्हा मामाच्या मांडीवर बसवून पहिला घास, हे आपल्याकडे होणार नाही. तुम्ही लिहिता की तो मान मी घ्यावा. नको. ताराला पहिला घास तुम्हीच द्या. ती तुमच्याकडे लहानाची मोठी होणार, तुमच्या हाताची तिला सवय हवी. शिवाय माझा हात हल्ली थरथरतो, खीर कपाळाला लागायची.

दुसरा घास मात्र मला द्या. लोकांसमोर, तसाच, पानाजवळ येऊन, तेव्हा म्हणालात तेच म्हणून. कुस्करलेला असला तरी चालेल, कोणी हसलं तर हसू दे. सांगून टाका सगळ्यांना, याची अन्ननलिका अमेरिकेने बिघडवली आणि धंतोली दुरुस्त करते आहे. धोंडबालाही सांगा. जयवंताबाईंना सांगा की तूप थोडं जास्तच घाला, त्याने घसरतं.

मागच्या आठवड्यातच दांड्या घातल्या आहेत, तेव्हा बहुतेक उतरेल. खात्री देत नाही. डॉक्टरही देत नाहीत. कधी साधा भात अडतो, कधी भाकरी सुरळीत जाते, त्याला काही नियम राहिला नाही. मी त्याच्याशी भांडायचंही सोडलं आहे. फक्त त्या दिवशी अडू नये, असं वाटतं. फार वाटतं.

अडलाच तर मी उठून गोठ्यामागे जाईन. तुम्ही मागे येऊ नका, घाबरू नका, पंगत चालू द्या. कुत्रं बांधून ठेवा म्हणजे झालं. मला थोडा वेळ लागेल. तोंड धुवून परत येईन.

तेवढा वेळ माझं पान कोणाला उचलू देऊ नका. मी परत येऊन बसणार आहे.

मधुकर